उन्हाळी टायर आणि अव्वाची खांदेमळणी

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

गडमुडशिंगी, जि. कोल्हापूर
१४ जून २००६

चि. अमरेशराव यांना शशिधरदाजींचे शरणु शरणार्थी.

(पहिल्या ओळीत मान दिला, आता तू म्हणतो. धाकट्या मेव्हण्याला सबंध पत्रभर अहोजाहो करायला माझ्याकडं एवढी शाई नाही.)

इकडं सगळी खुशाल आहेत. पाऊस आला की तुझ्या अक्काचा गुडघा दुखतो, आणि तिचा गुडघा दुखला की आमच्या आमटीत मीठ वाढतं, एवढं सोडलं तर घर ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का? पुण्याच्या हवेचं कौतुक तू लग्नाआधी फार करत होतास, म्हणून विचारलं. हळद घालून दूध घे आणि रात्री दही खाऊ नको. सौ. सौंदर्याला आमचा नमस्कार सांग. तिनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं, म्हणजे मीच संपवलं. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर तू मधे बोलतोस. ही गोष्ट मधे न बोलता ऐकायची आहे.

तर मुख्य बातमी. परवाच्या रविवारी, ऐन कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी, तुझ्या दाजीनं माळावरच्या रेसच्या ट्रॅकवर आपली झेन गाडी उतरवली आणि पहिल्याच वळणावर जमलेल्या लोकांना आ वासायला लावलं. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, एकानं टोपी उडवली. तू मोटारीच्या कारखान्यात नोकरीला असून आजवर तुझ्यासाठी कुणी टोपी उडवली आहे का, प्रामाणिकपणे सांग. या यशात तू सुचवलेल्या टायरांचा वाटा आहे, थोडा तुझाही आहे, आणि सगळ्यात मोठा माझ्या आईचा, अव्वाचा आहे. तो कसा, ते मुळापासून सांगतो.

मागच्या दिवाळीनंतर मी हरण्या आणि पाखऱ्या विकले, हे तुला माहीत आहे. रानातलं सगळं काम ट्रॅक्टर करतोय, मी दिवसभर लक्ष्मीपुरीत खताच्या दुकानात, बैलांना हिंडवायला कोण? गारगोटीचा ज्ञानू चांगला माणूस, बैल जिवापाड जपणारा, म्हणून त्यालाच दिले. आमच्या मातोश्री (ज्यांच्याशी आमचे सरपंचसुद्धा पायताण काढून बोलतात) त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. अव्वा बोलत नाही म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तुझ्या अक्काच्या लग्नात जेवणावळीत बुंदी कमी पडली तेव्हा ती अशीच गप्प झाली होती, आणि तुझे वडील अजून त्या आठवणीनं पाणी पितात. वर मी दुसरी चूक अशी केली की सेकंड हँड झेन आणली आणि मोकळ्या झालेल्या गोठ्यात, नेमकी हरण्याच्या जागेवर उभी केली. दुसरीकडं छप्परच नव्हतं, त्याला मी काय करणार!

झालं. त्या दिवसापासून अव्वानं गाडीला बोट लावलं नाही. बसणं तर लांबच. बाजाराला जायचं झालं की ती फाट्यावर जाऊन गुंडूच्या वडापमध्ये बसते. तू पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगतो, वडाप म्हणजे ती जीप, जिच्यात आत माणसं बसतात, मागं माणसं लोंबतात आणि ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा असतो. त्यात आमची म्हातारी, मांडीवर दुसऱ्याच्या कोंबड्या घेऊन. आणि मागून मी, झेनमध्ये एकटा, काचा खाली, शेजारची सीट झाडून पुसून. गुंडू आरशात बघून हसतो. सगळ्या गडमुडशिंगीनं हे बघितलंय रे. दारात गाडी असून आई वडापनं जाते, यापेक्षा भर चौकात कुणी मुस्काडात दिली असती तर कमी लागलं असतं.

एकदा धीर करून विचारलं, अव्वा, गाडीत का बसत नाहीस? ती म्हणाली, "हरण्यानं कर तोडली हुती. तुझं डबडं काय तोडतंय?"

बेंदराला वेशीत पानाफुलांची दोरी बांधायची, बैल पळवत आणायचे, जो आधी दोरी तोडेल त्याचा मान, ही आमची कर. ज्या वर्षी हरण्यानं कर तोडली त्या वर्षी अव्वानं त्याला पुरणाची पोळी स्वतःच्या हातानं चारली आणि मला उरलेली दिली. त्या बैलाच्या जागी मी चार चाकांचं डबडं आणून ठेवलं होतं. म्हणून मी ठरवलं, की हे डबडंही पळतं हे म्हातारीला डोळ्यांनी दाखवायचं. तेवढ्यात पेपरात वाचलं की माळावरच्या ट्रॅकवर हौशी मोटारवाल्यांसाठी एक दिवस खुला आहे, आणि तो दिवस नेमका बेंदराचा. मला तर हा कौलच वाटला.

म्हणून तुला टायरांचं विचारलं. अट एकच होती. टायर रोजच्या रस्त्यालाही चाललं पाहिजे आणि ट्रॅकलाही. रोजचा रस्ता म्हणजे कुठला, तेही मी कळवलं होतं. मागं खताची पोती, कारखाना सुरू असला की पुढं उसाच्या ट्रॉल्या, आणि ज्याच्या घरात पोर झालं त्यानं दारात घातलेला स्पीडब्रेकर. त्यावर तू इंटरनेटवरून छापलेले एवढे कागद पाठवलेस की पोस्टमननं चहा घेतल्याशिवाय ते दिलेच नाहीत. आणि त्यात पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, ‘समर टायर’.

आता मला सांग, आपल्याकडं उन्हाळी म्हणजे काय? उन्हाळी भुईमूग, उन्हाळी सुट्टी. मी तो कागद घेऊन शाहूपुरीत गणपतरावांच्या टायरच्या दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, चार उन्हाळी टायर द्या. गणपतरावांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, पावणं, पावसाळ्यात काय अनवाणी चालवणार? दुकानात बसलेली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी पण ऐकून घेणारा नव्हे. म्हणालो, परदेशात असतंय, तुम्हाला न्हाय कळायचं. मग तीन दुकानं हिंडलो, तिन्हीकडं तेच. शेवटी पोस्ट ऑफिसच्या कट्ट्यावर बसून तुझा चौदावा कागद वाचला, आणि त्यात तू लिहिलंयस की हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या देशात बर्फाची टायर वेगळी असतात म्हणून बाकीच्यांना उन्हाळी म्हणायचं, ती पावसातही उत्तम चालतात, आणि आपल्याकडं विकली जाणारी जवळजवळ सगळीच टायरं उन्हाळी असतात. अरे, मग हे पहिल्या कागदावर लिहायला तुझं काय जात होतं? शाहूपुरीत आता मला ‘उन्हाळी शेठ’ म्हणतात. खताची उधारी मागायला गेलो तरी म्हणतात.

असो. परत गणपतरावांकडंच गेलो (माझी मान मोठी आहे, ती खाली घालता येते) आणि खरी निवड सुरू झाली. एक टायर कडक रबराचं होतं. ते म्हणे नातवापर्यंत टिकतं, पण वळणावर सुटतं. दुसरं इतकं रुंद आणि बुटक्या कडेचं, की आमच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला रिम वाकली असती. तिसरं मऊ रबराचं, परदेशी, लवकर झिजणारं, पण रस्त्याला गोचिडीसारखं धरणारं, आणि पावसाचं पाणी बाहेर फेकायला खोल खाचा. मी तेच घेतलं. किंमत लिहीत नाही, कारण हे पत्र पाकिटात घालण्याआधी तुझी अक्का वाचते.

आदल्या आठवड्यात तुझे कागद मी रोज संध्याकाळी सोप्यात मोठ्यानं वाचायचो. दाखवायला तुझ्या अक्कासाठी, खरं म्हणजे अव्वासाठी. अव्वा पाठ करून सुपात तांदूळ निवडत बसायची. एका कागदावर तू टायरचं चित्र काढून बाण दाखवलेत, त्यात कडेच्या भागाला ‘शोल्डर’ लिहिलंय. मी मराठी करून सांगितलं, की हा टायरचा खांदा, वळणावर गाडीचा सगळा भार या खांद्यावर येतो, आणि रबर जेवढं मऊ तेवढं ते धरतं. आणि काय सांगू अमरेश, सूप थांबलं! इतक्या महिन्यांनी अव्वा गाडीबद्दल आपणहून पहिल्यांदा बोलली. विचारलं, त्याला खांदा असतोय? मी म्हटलं, चारी चाकांना असतोय. मऊ असला की धरतोय? मी म्हटलं, व्हय. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी इतका हरखलो की तुझ्या अक्काला चहा करून दिला. (तिनं तो प्याला नाही, संशय आला तिला.)

शनिवारी गाडी गणपतरावांकडं टायर बसवायला दिली, ती रात्रभर तिथंच राहिली. रविवारी सकाळी ती घेऊन मी थेट ट्रॅकवर गेलो. नवी टायर, काळीभोर, अंगावर बारीक बारीक रबराचे केस, पावसानं उघडीप दिलेली, रस्ता कोरडा. वळणावर गाडी अशी वळत होती की मीच दोनदा उगाच वळवली. तुझं नाव घेतलं रे तेव्हा, चांगल्या अर्थानं.

ट्रॅकवर सगळी पोरं रंगीत जॅकेटं घालून आलेली, मी धोतर नेसलो नव्हतो एवढंच. नाव लिहून, हेल्मेट डोक्यात घालून (ते इतकं घट्ट, की कान मागं राहिले) परत येतो तर गाडीभोवती ही गर्दी! कुणाला ओरडून विचारलं तरी ऐकू येईना, हेल्मेट. गर्दीत घुसलो तर आत अव्वा. गुंडूच्या वडापनं आलेली, पदर खोचून, मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेली, हातात हळद कालवलेली शेंगतेलाची वाटी, आणि ती चोळतेय. खांदा चोळतेय! तीन चाकं झाली होती, चौथं चाललं होतं. कडेला, वर, खाचांत, चोळून चोळून मुरवलेलं. आरशाला गोंडा, बॉनेटवर हुरमुंजाच्या लाल रंगाचे पंजे, नंबरप्लेटला हळदकुंकू.

तुला आठवत असेल, बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तेल-हळद लावून तो चोळतात, ती खांदेमळणी. वर्षभर जू वाहून तो कडक झालेला असतो, तो मऊ करायचा. अव्वानं हिशोब लावला, बैल काल रात्री घरी नव्हता, खांदेमळणी चुकली, ती आज करायची. नव्या पायताणाला तेल लावून मऊ करतो तसं रबर मऊ झालं की ते धरणार, हे तर मीच तिला शिकवलेलं. आणि तिचं माहेर संकेश्वरकडचं, ती बेंदराला कारहुणवी म्हणते, तिकडं पौर्णिमेला हुणवी म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत ती लोकांना समजावून सांगत होती, "आज कारहुणवी. मग कारची नको व्हय कराय?" ट्रॅकचा साहेबसुद्धा पूजा चाललीय असं समजून हात जोडून उभा होता. तेवढ्यात माझा नंबर पुकारला. टायर पुसायला सवड मिळाली नाही, आणि मी तसाच बसलो.

आता पळायचं वर्णन ऐक. झेंडी पडली. गाडी आधी जागेवरच घुं करून नाचली (तेल), मग निघाली. सरळ रस्त्यावर झकास. पहिलं वळण उजवीकडं. मी स्टिअरिंग उजवीकडं घातलं. गाडीनं ते ऐकून घेतलं आणि ती डावीकडं गेली. यप्पा! असं वाटलं की मी न्हाणीघरात साबणावर बसून चाललोय. ब्रेक दाबला तर अजून गुळगुळीत. बाहेरच्या अंगाला, पुढं कुणी जाऊ नये म्हणून, रंगीत पताकांची लांबलचक दोरी बांधलेली होती. माझी झेन गवतावरून, आडवी, तोऱ्यात घसरत गेली, ती दोरी छातीवर घेऊन तिनं फाडकन तोडली, आणि पलीकडच्या नांगरलेल्या रानात, पताका गळ्यात घालून, थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही, गाडीलाही नाही. हेल्मेट मात्र निघेना.

तेवढ्यात माळावरून एकच आवाज आला. "तोडली! कर तोडली! माझ्या कारनं कर तोडली रं!" अव्वा पदर सावरत पळत येत होती. अमरेश, ही बाई गुडघे धरून उंबरा ओलांडते. ती ढेकळांतून पळत आली. तिच्यामागं गुंडू, त्याच्यामागं वडापची सगळी माणसं. शिट्ट्या झाल्या, टोपी उडाली ती इथंच. कुणीतरी हलगी कुठून आणली देव जाणे. अव्वानं बॉनेटवर हात फिरवला, हरण्याच्या कपाळावरून फिरवायची तसा, आणि कमरेच्या पिशवीतून पुरणपोळी काढली. गाडीला तोंड नाही म्हणून ती मला चारली. अख्खी! जन्मात पहिल्यांदा बैलाच्या वाट्याची पोळी मला मिळाली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. हेल्मेटमुळं पुसता आलं नाही.

ट्रॅकच्या लोकांनी ओढून काढायला ट्रॅक्टर आणला, तर अव्वानं त्याला परत पाठवलं. बेंदराला बैलाला कुणी जुंपत नाही, ना दोरखंड बांधून ओढत. मग सगळ्यांनी हातानं ढकलत, हलगी वाजवत, गाडी डांबरी रस्त्याला आणली. आणि तिथं अव्वानं, कुणी न सांगता, पुढचं दार उघडलं आणि आत बसली. गुंडूनं विचारलं, म्हातारे, वडापला येत न्हाईस? तिनं काच खाली करून (ती कशी करायची हे तिला बरोबर ठाऊक होतं, म्हणजे गोठ्यात बघितलेलं होतं) सांगितलं, कर तोडलेला बैल सोडून तुझ्या टमटमीत कोण बसतंय?

घरापर्यंत पहिल्या गिअरमध्ये आणलं. पळवायचं नाही अशी आज्ञा होती, बेंदराचा विसावा. टायरातलं तेल रस्त्याला लागत होतं आणि मागं हळदीचा पट्टा उमटत होता. सायकलीसुद्धा आमच्या पुढं गेल्या. गुंडूचं वडाप हॉर्न मारत गेलं, आणि अव्वानं त्याला हात केला. तुझ्या दाजीसारखा सुखी माणूस त्या दिवशी साऱ्या करवीर तालुक्यात नव्हता, हे लिहून ठेव.

अक्काचे आशीर्वाद. खोकल्याचं कळव.

तुझा दाजी,
शशिधर

ता. क. : तुझ्या ओळखीचं कुणी ट्रॅकवर असेल आणि ‘शशिधर हे नाव निकालात दिसत नाही’ असं म्हणालं, तर वाद घालू नको. एक फेरीही पूर्ण न करणाऱ्याचं नाव ते लिहीत नाहीत. त्यांना कर कळत नाही.

ता. क. दुसरा : टायर पुसायला सवड मिळाली नाही असं वर लिहिलंय, ते अक्का वाचणार म्हणून. आता तिचं वाचून झालंय. सवड होती. फडकं माझ्या हातात होतं, पेट्रोलमध्ये भिजवलेलं. माझ्या पुढं अजून दोघांचा नंबर होता. पण चौथ्या चाकापाशी बसून अव्वा माझ्याकडं बघून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी फडकं खिशात घातलं. खिसा अजून वास मारतोय.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण : अव्वानं सांगितलंय की आता दरवर्षी कारहुणवीला खांदेमळणी करायची. तेव्हा तुझ्या कारखान्यात विचार, तेल लावलं तरी धरणारं टायर कुठं मिळतं का. उन्हाळी असो, बर्फाचं असो, मला चालेल. नसेल तर तसं टायर तुम्हीच काढा, पण फडकं घे असं मात्र मला कुणी सांगायचं नाही. उत्तर लवकर दे. जास्त लिहीत नाही, आज बाजार आहे. अव्वा मघापासून गाडीत पुढं जाऊन बसलीय आणि हॉर्न वाजवतेय.